'गृहीतक' की 'परिकल्पना'? आणि केळी पिवळी झालीच नाहीत तर?

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका पालकांचा आहे. त्यांच्या आठवीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग केला. कच्च्या केळ्यांसोबत एक पिकलेलं केळं कागदी पिशवीत बांधून ठेवलं, तर कच्ची लवकर पिकतात का, हे तिला पाहायचं होतं. तक्त्यावर 'गृहीतक' असा मथळा देऊन तिने खाली लिहिलं, 'पिकलेल्या केळ्यामुळे कच्ची केळी लवकर पिवळी होतात.' सरांनी 'गृहीतक' खोडून 'परिकल्पना' करायला सांगितलं. त्यात पंचाईत अशी, की ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या दोन्ही पिशव्यांतली (एकीत पिकलेलं केळं होतं, दुसरीत नव्हतं) केळी मऊ पडली, पण धड पिवळी एकही झाली नाही. पालक विचारतात, बरोबर शब्द कोणता? आणि 'गृहीतक चुकले' असं सरळ लिहून टाकायचं का?

आधी शब्दाचं बघू. 'हायपोथिसिस'साठी, म्हणजे तपासून बघायला मांडलेल्या तात्पुरत्या विधानासाठी, मराठीत तीन शब्द फिरतात: गृहीतक, परिकल्पना आणि अभ्युपगम. चुकीचा यातला एकही नाही. विज्ञानावरच्या मराठी लेखनात 'गृहीतक' सर्रास सापडतो. बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांत मात्र 'परिकल्पना' पक्की बसली आहे. तिथे 'शून्य परिकल्पना' (फरक नाहीच, असं मांडणारी) असते आणि तिचा 'स्वीकार' किंवा 'त्याग' होतो. त्याच प्रबंधांत 'गृहीतके' असंही एक वेगळं प्रकरण असतं. त्यात संशोधकाने न तपासता मान्य केलेल्या गोष्टी येतात. सरांची सवय बहुधा तिथली असावी.

अभ्युपगम सगळ्यांत जुना. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला चौथा अभ्युपगम-सिद्धान्त: एखादी गोष्ट न तपासता तूर्त मान्य करायची आणि मग तिच्या तपशिलाची परीक्षा करायची. शब्द डौलदार आहे. तुमच्या तालुक्याच्या गावी १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तिथे तो सहज खपेल. आठवीच्या तक्त्यावर नको, वाचणारा पहिल्याच शब्दाला अडखळेल.

उरले दोन. माझं मत सरांच्या बाजूने आहे, पण नुसता मथळा बदलून भागणार नाही. 'गृहीत धरणं' म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 'मला गृहीत धरू नका' असं आपण चिडून म्हणतो, तेव्हा 'मला न विचारता माझा होकार धरून चालू नका' असाच अर्थ असतो. भूमितीतही युक्लिडची गृहीतके भेटतात, आणि ती सिद्ध करत बसायची नसतात, तिथून पुढे निघायचं असतं. त्यामुळे 'गृहीतक' लिहिलं की पोराच्या मनात ती गोष्ट ठरूनच जाते. मग प्रयोग हा उपचार उरतो आणि शेवटी 'सिद्ध झाले' लिहायचं. हा शेवटही भूमितीतूनच आलेला आहे: पक्ष, साध्य, सिद्धता. भूमितीत तो शोभतो. चार केळ्यांवरून काही सिद्ध होत नसतं, फार तर दुजोरा मिळतो.

तुमच्या लेकीचं वाक्य पुन्हा वाचा: 'लवकर पिवळी होतात.' हे साध्या वर्तमानकाळातलं वाक्य झालं, 'सूर्य पूर्वेला उगवतो' याच पठडीतलं. जे नेहमी होतंच, ते तपासायचं कशाला? परिकल्पना 'जर-तर'मध्ये मांडावी आणि क्रियापद भविष्यकाळात ठेवावं. 'एका फणीतली सारख्या वयाची केळी घेतली आणि एका पिशवीत पिकलेलं केळं ठेवलं, तर त्या पिशवीतली केळी दुसऱ्या पिशवीतल्या केळ्यांच्या आधी पिकतील.' हे वाक्य खोटं ठरू शकतं, म्हणून ते तपासण्याजोगं आहे. घरी अहिराणी बोलत असाल तर आणखी सोपं. पोरगी 'माले वाटस' म्हणून जे सांगेल, ती परिकल्पना. आणि त्यावर आजी 'काबरं?' विचारेल, त्याचं उत्तर म्हणजे तिच्यामागचं कारण: पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळालाही पिकवायला लागतो. हे कारणही तक्त्यावर एका ओळीत हवं. नाहीतर परिकल्पना नुसता अदमास वाटते.

मग 'गृहीतक' टाकून द्यायचा का? नाही, त्याला त्याच्या जागी ठेवा. वरच्या वाक्यात 'एका फणीतली' हे शब्द मी मुद्दाम घातलेत. केळीच्या घडात दांड्याकडच्या फण्या आधी धरतात, शेंड्याकडच्या नंतर. एका पिशवीत वरच्या फणीतली आणि दुसरीत खालच्या फणीतली केळी गेली, तर फरक इथिलीनचा की वयाचा, हे कळायचं नाही. रावेर-यावलकडचा कुठलाही बागायतदार हे झोपेतही सांगेल. एकाच फणीतली घेतली तरी सगळ्या केळ्यांचं वय अगदी सारखं आहे, हे आपण तपासत नाही, धरून चालतो. ते झालं गृहीतक. दोन्ही पिशव्यांना सारखीच ऊब मिळाली, हे दुसरं गृहीतक. म्हणजे अहवालात दोन्ही शब्द लागतील, वेगवेगळ्या मथळ्यांखाली. 'गृहीतके' या मथळ्याखाली जितकं प्रामाणिकपणे लिहाल, तितकं परीक्षकाला प्रश्न विचारायला सोपं जाईल. ते बरंच आहे.

मुलीने 'नियंत्रित पिशवी' असंही लिहिलंय, म्हणजे जिच्यात पिकलेलं केळं नव्हतं ती. प्रबंधांत 'नियंत्रित गट' म्हणतात, तिथून हा शब्द आला. मराठी कानाला मात्र 'नियंत्रित' म्हणजे जिच्यावर आपण काही नियंत्रण ठेवलं ती, असं वाटतं, आणि इथे तर त्या पिशवीला आपण काहीच केलेलं नाही. शिवाय 'नियंत्रित चल' म्हणजे सारख्या ठेवायच्या गोष्टी, तो गोंधळ वेगळाच. सरळ 'तुलनेची पिशवी' लिहा. स्वाश्रयी चल, आश्रयी चल हे शब्द परीक्षकांना हवे असतील तर कंसात द्या. मुख्य ओळीत 'काय बदललं, काय मोजलं, काय सारखं ठेवलं' एवढं पुरे.

आता न पिकलेल्या, म्हणजे खरं तर पिकूनही पिवळ्या न झालेल्या केळ्यांचं. 'चुकले' लिहू नका. परिकल्पना निरीक्षणांशी जुळते किंवा जुळत नाही. आणि इथे तर तेही म्हणता येत नाही, कारण मोजमाप 'पिवळेपणा'चं ठेवलं होतं. आपल्याकडे आता बहुतेक बागा ग्रँड नैनच्या. या जातीची केळी तीस अंशांच्या बऱ्याच वर पिकली, तर गर मऊ आणि गोड होतो, पण सालीतला हिरवा रंग जायचा तितका जात नाही. पत्र्याच्या खोलीत हेच झालं असण्याचा दाट संभव आहे. म्हणजे केळी पिकली असतील, पण रंगाने ते दाखवलं नाही. मोजायचं पिकणं आणि बघितला रंग, असा हा प्रकार.

यावर शाळेतच उपाय आहे. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते. रोज दोन्ही पिशव्यांतलं एकेक केळं आडवं कापून कापावर आयोडीनचं पातळ द्रावण टाकायचं. कच्चा गर जवळजवळ सगळा निळा-काळा पडतो. पिकेल तसा तो डाग विरळ होत जातो. रोजच्या चकत्यांचे फोटो तारीख घालून एका रांगेत लावले, की तक्त्यावर फार लिहावं लागणार नाही. केळी जास्त लागतील, तेवढं बघा. आणि पिशव्या या वेळी ओट्याखाली, गार जागी ठेवा. जुना निकाल फेकू नका, तो आधी लावा. 'उष्ण खोलीत रंगावरून फरक कळला नाही, म्हणून मोजमाप बदललं' ही ओळ तक्त्यावर असली, तर मुलीने प्रयोग खरंच केलाय हे परीक्षकाला लगेच दिसतं.

भाषेचं आणखी थोडं. तक्त्यावर 'केळी मोजली गेली', 'निरीक्षणे नोंदवली गेली' असं सगळीकडे आहे. प्रयोगवहीची ही लागण जुनी आहे. 'आम्ही केळी मोजली' या वाक्यात क्रियापद केळ्यांप्रमाणेच चालतं. म्हणजे तोही कर्मणी प्रयोगच, आणि कोणी मोजली तेही त्यात कळतं. 'गेली'ची शेपटी कशाला? 'अनुमान' हा शब्द तिने सुरुवातीला 'अंदाज' या अर्थाने वापरलाय. बोलताना चालतो, अहवालात नको. 'अनु' म्हणजे मागून: धूर दिसला, मग आग असणार असं म्हटलं, ते अनुमान. त्याची जागा निरीक्षणांनंतरची.

तक्ता पुन्हा लिहिणारच आहात, तर ऱ्हस्व-दीर्घही बघून घ्या. 'परिकल्पना'तला 'रि' ऱ्हस्व. 'परीक्षण'मध्ये 'परि' आणि 'ईक्षण' यांचा संधी आहे, म्हणून तिथे 'री' दीर्घ. 'निरीक्षण'चंही तसंच, 'निर्' अधिक 'ईक्षण'. आणि 'गृहीतक'मध्ये 'ही' दीर्घ. तिने दोन्ही ठिकाणी 'गृहितक' लिहिलंय.