वाचक विचारतात: पाऊस संपल्यावर ओढ्यात पाणी कुठून येतं?

प्रश्न: आम्ही प्रोजेक्टसाठी एक ओढा निवडलाय. पाऊस थांबून कितीतरी महिने झाले तरी तो वाहत असतो. सर म्हणाले, पाण्याचे आयसोटोप तपासा म्हणजे कळेल ते पाणी कुठलं. पण आयसोटोप म्हणजे रेडिओअ‍ॅक्टिव्ह ना? ते पाण्यात टाकावे लागतात का? आणि एकदाच सॅम्पल घेतलं तर चालेल का?

उत्तर: आधी भीती काढून टाका. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. इथे बोलतोय ते स्थिर आयसोटोप, त्यांच्यातून किरणं वगैरे काही निघत नाहीत आणि पाण्यात काही टाकायचंही नसतं, ते पाण्यात मुळातच असतात. साध्या ऑक्सिजनचं वजन 16, पण साधारण 500 अणूंमागे एक अणू 18 वजनाचा असतो. हायड्रोजनचा जड भाऊ म्हणजे ड्युटेरियम, तो तर सुमारे 6400 अणूंमागे एक. म्हणजे पाण्याचे बहुतेक रेणू 18 वजनाचे (ऑक्सिजनचे 16 अधिक दोन साध्या हायड्रोजनचे 2), आणि त्यांच्यात 19 आणि 20 वजनाचे थोडेसे मिसळलेले.

आता गंमत इथून सुरू होते. वाफ होताना हलके रेणू आधी उडतात आणि जड मागे राहतात, आणि ढगातून पाऊस पडताना उलटं, जड आधी खाली येतात, त्यामुळे ढग जसजसा रिकामा होत पुढे सरकतो, डोंगर चढतो, थंड होतो तसतसा उरलेला पाऊस हलका, म्हणजे कमी जड रेणूंचा, होत जातो. म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्याचा बर्फ उन्हाळी पावसापेक्षा हलका असतो, आणि उष्ण प्रदेशात जोरदार पावसाचे महिने रिमझिम महिन्यांपेक्षा बहुतेकदा हलके निघतात. पावसावर ऋतूचा शिक्का बसतो तो असा. हा फरक समुद्राच्या सरासरी पाण्याच्या तुलनेत दर हजारी मोजतात, त्याला डेल्टा म्हणतात. समुद्र म्हणजे शून्य, पाऊस बहुतेक उणे.

1961 साली भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी दाखवलं की जगभरच्या पावसाचे आकडे आलेखावर मांडले तर ते जवळपास एकाच रेषेवर येतात: ड्युटेरियमचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या डेल्टाची आठपट अधिक 10. तळ्यासारखं उघड्यावर बाष्पीभवन झालेलं पाणी या रेषेखाली घसरतं, त्याच्या आकड्यांची वेगळी रेषा बनते आणि तिचा उतार आठऐवजी साधारण 4 ते 6 असतो. तुमच्या ओढ्याचे आकडे असे घसरलेले दिसले तर वरच्या बाजूला तळं, बंधारा असं काही आहे का ते आधी बघा.

आता एकदाच सॅम्पल घेण्याबद्दल. नाही चालणार, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण एका आकड्यातून काहीच कळत नाही, सगळी मजा तुलनेत आहे. पाऊस, विहीर आणि ओढा, तिन्हींचं पाणी निदान वर्षभर दर महिन्याला घ्या. पावसाचा डेल्टा वर्षभर भरपूर वरखाली होईल, पण ओढ्याचा जवळपास सपाट राहिला तर समजायचं की जमिनीत साठलेलं, बऱ्याच पावसांचं मिसळलेलं पाणी झिरपून येतंय. वरखाली जितकं दबलेलं तितकं पाणी सरासरीने जास्त काळ जमिनीत मुरलेलं.

पूर आला तेव्हाचं सॅम्पल मात्र अजिबात सोडू नका! समजा पावसाचा ऑक्सिजन-डेल्टा उणे 9, भूजलाचा उणे 4 आणि पुरातल्या ओढ्याचा उणे 5. पाच अंकांच्या अंतरातला एकच अंक सरकलाय, म्हणजे नव्या पावसाचा वाटा फक्त 20 टक्के, बाकी 80 टक्के जुनंच पाणी. हे आकडे उदाहरणापुरते, पण पुराच्या पाण्यात अर्ध्याहून जास्त जुनं पाणी निघाल्याचं बऱ्याच ओढ्यांमध्ये खरोखर दिसलंय, आणि मला तरी ही या पद्धतीची सगळ्यात सुंदर देणगी वाटते. अट एकच, पावसाचा आणि भूजलाचा आकडा पुरेसा वेगळा हवा, दोन्ही सारखेच असतील तर हे गणित करूच नका.

प्रश्न: झाडं कुठलं पाणी पितात तेही यातून कळतं का?

उत्तर: हो, बऱ्यापैकी. मुळं पाणी ओढताना आयसोटोपचं प्रमाण सहसा बदलत नाहीत, म्हणून फांदीतलं पाणी मातीच्या वेगवेगळ्या खोलीच्या पाण्याशी ताडून बघता येतं. काही क्षारप्रिय आणि कोरड्या भागातली झाडं याला अपवाद आहेत. सॅम्पल पानातून घेऊ नका, तिथे बाष्पीभवनाने आकडा बिघडलेला असतो.

प्रश्न: सॅम्पल घेताना काय सांभाळायचं?

उत्तर: बाष्पीभवन, दुसरं काही नाही. बाटली काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका, झाकण घट्ट, सावलीत ठेवा. पावसाच्या भांड्यात बाष्पीभवन थांबवायला तेलाचा थर देतात, पण तपासणी लेझर यंत्रावर होणार असेल तर तेल टाळा, त्याने मोजमाप बिघडतं, त्यापेक्षा फनेलपासून बाटलीच्या तळापर्यंत बारीक नळी सोडा. आणि प्रत्येक महिन्याला पाऊस किती मिलिमीटर झाला ते लिहून ठेवाच, कारण वार्षिक सरासरी काढताना ज्या महिन्यात जास्त पाऊस त्याला जास्त वजन द्यावं लागतं.