शुक्रवारपर्यंत होकार हवाय, मुलाखत बुधवारी आहे

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लेकीचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हातात आली, आणि आता तीन ठिकाणांहून एकदम बोलावणं आलंय. एक, उदगीरच्या ओळखीच्या डॉक्टरांचं १८ खाटांचं नर्सिंग होम: पगार १४,०००, घरून जाऊन-येऊन. दुसरं, पुण्यातलं ३०० खाटांचं खासगी हॉस्पिटल: आयसीयूत ड्यूटी, १९,५०० आणि राहायला होस्टेल. पण तिथे दोन वर्षांचा बाँड, मोडला तर एक लाख भरायचे आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा. त्यांना या शुक्रवारपर्यंत होकार हवाय. तिसरं लातूरचं ट्रस्टचं १५० खाटांचं रुग्णालय, पण तिथली मुलाखतच पुढच्या बुधवारी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगते. उदगीरला नम्रपणे नाही म्हणा, पुण्याकडे मुदत मागा आणि लातूरची मुलाखत काही झालं तरी चुकवू नका.

उदगीरचे डॉक्टर भले आहेत, याबद्दल मला शंका नाही. अडचण खाटांची आहे. एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा द्यायची तर जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना ही अट नाही, जीएनएमवाल्यांना आहे. नर्सिंग ऑफिसर म्हणून निवड झाली तर सुरुवातीचं मूळ वेतनच ४४,९०० आहे, भत्ते वेगळे. १८ खाटांच्या ठिकाणी तिने दोन वर्षं जीव तोडून काम केलं, तरी नॉरसेटसाठी ती दोन वर्षं मोजली जाणार नाहीत. तुमच्या पत्रात ‘पुढे सरकारी नोकरी लागावी’ हे वाक्य तीनदा आलंय, म्हणून हे आधी सांगितलं.

दुसरं कारण माझ्या अंगावरून गेलेलं आहे. माझी पहिली नोकरी अशाच छोट्या नर्सिंग होममधली. रुजू झाल्यावर तिसऱ्याच रात्री मी एकटी सिस्टर, सोबतीला एक मावशी. संध्याकाळी बाळंत झालेल्या बाईला रात्री एकच्या सुमारास रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर घरी, यायला वीस मिनिटं. पोटावरून गर्भाशय चोळायचं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन लावायचं, पॅड मोजत राहायचं, हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. पण हाताखालचं गर्भाशय मऊ लागतंय की घट्ट होतंय हे पुस्तकातून कळत नाही, आणि शेजारी विचारायला कुणी नव्हतं. बाई वाचली. मी मात्र पुढे कित्येक रात्री दचकून उठत होते. दोन वर्षांनी तिथून निघाले तेव्हा अनुभवाचा दाखला मिळाला साध्या कागदावर. ना तारखा, ना खाटांची संख्या, नुसतं ‘काम समाधानकारक’. तो कुठेच चालला नाही.

म्हणून पगाराच्याही आधी एक प्रश्न विचारायला सांगते: पहिले तीन महिने ती कुणाच्या हाताखाली राहणार? चांगल्या ठिकाणी नव्या सिस्टरला जुन्या स्टाफसोबत जोडून ड्यूटी देतात, एकटीला रात्रपाळी लगेच लावत नाहीत. आयसीयू असेल तर पुढचा प्रश्न, एका सिस्टरकडे किती पेशंट? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक सिस्टर हवी. ‘तसं काही ठरलेलं नसतं, ॲडजस्ट करावं लागतं’ असं उत्तर आलं, तर होस्टेल कितीही चांगलं असो, मी पुढे जाणार नाही.

आता पुण्याचा बाँड. प्रशिक्षणावर खर्च करणाऱ्या हॉस्पिटलला नवी मुलगी वर्षभर तरी टिकावी असं वाटतं, हे मी समजू शकते. पण मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं मला अजिबात मान्य नाही. उद्या भरतीची जाहिरात निघाली आणि कागदपत्रं तपासणीला बोलावलं, तर ही पोर काय दाखवणार? मूळ कागद बघा, छायाप्रती ठेवा, एवढं म्हणायचा तिला हक्क आहे. एक लाखाच्या आकड्याचंही दडपण घेऊ नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच मागता येते. तरीही सही करून मग भांडण्यापेक्षा सहीआधी विचारलेलं बरं. बाँड एक वर्षाचा करता का आणि प्रमाणपत्रं परत देता का, हे दोन्ही ईमेलवर विचारा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

पगाराचा हिशोब थोडक्यात. १९,५०० मधून पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी विमा) कापून जाईल. महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तो कापत असतील तर विचारा. पीएफला कपात म्हणून नाक मुरडू नका. ती दर महिन्याची नोंद तिच्या अनुभवाचा पुरावा ठरते. मेस आणि गावी येण्या-जाण्याचा खर्च धरला तर पुणे आणि उदगीर यांत हातात फार फरक उरत नाही, त्यामुळे निव्वळ आकड्यावर ठरवूच नका.

शुक्रवारचं असं करा. गुरुवारी लेकीने स्वतः एचआरला लिहावं: ‘निवडीबद्दल आभार. बाँड आणि मूळ प्रमाणपत्रांबाबत दोन शंका आहेत. त्यांचं उत्तर मिळाल्यावर पुढच्या शुक्रवारपर्यंत नक्की कळवते.’ तुम्ही फोन करू नका, मामांनाही करू देऊ नका. सिस्टर हवी असलेलं हॉस्पिटल आठवडाभर थांबतं. नाहीच थांबलं तर मूळ कागद देऊन ती नोकरी मिळवावी असं मला वाटत नाही.

लातूरला तोंडी परीक्षेसोबत छोटी लेखी परीक्षाही असू शकते. ५०० मिली सलाइन ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा (म्हणजे एका मिलीला २० थेंब), तर मिनिटाला किती? साधारण २१. अशी दहा-बारा गणितं तिने हाताने सोडवून जावीत. तुम्ही सहज लिहून गेलात की तिला लेबर रूम आवडते. हे तिने मुलाखतीत जरूर सांगावं. रुग्णालयाचा प्रसूती विभाग मोठा असेल तर माझ्या दृष्टीने लातूर पुण्याच्या पुढे आहे, पगार दोन-अडीच हजारांनी कमी असला तरी.

रात्रपाळीची तुमची काळजी रास्त आहे. होस्टेल आवारातच आहे की बाहेर, बाहेर असेल तर गाडी आहे का, हे दोन्हीकडे विचारा आणि शक्य झालं तर संध्याकाळी सातनंतर तो रस्ता स्वतः चालून बघा.

बुधवारी मूळ फाईलसोबत छायाप्रतींचे दोन संच न्या. निघताना मूळ कागद तिने स्वतः मोजून पिशवीत ठेवावेत.