ट्यूलिप दुसऱ्या वर्षी का फुलत नाही?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. परसात लावलेल्या ट्यूलिपना पहिल्या वसंतात भरभरून फुले आली. नंतर वाफा नीटनेटका दिसावा म्हणून पाने कापली आणि त्याच जागी झेंडू लावून उन्हाळाभर रोज पाणी दिले. यंदा मात्र नुसती रुंद पाने आली आहेत. असे का झाले असावे?

उत्तर : दोन्ही कारणे तुमच्या पत्रातच आहेत. ट्यूलिपचा लावलेला कंद फुलण्यातच झिजून संपतो आणि त्याच्या पोटी नवे कंद धरतात. फूल गळून गेल्यानंतरचे पाच-सहा आठवडे हिरवी पाने जे अन्न तयार करतात, त्यावरच हे कंद पोसले जातात. पाने आधीच कापली तर कंद बारीक राहतात आणि बारीक कंदाला एखादे रुंद पान तेवढे फुटते. म्हणून पाकळ्या गळताच फक्त बोंड खुडावे, म्हणजे शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही. पाने मात्र पिवळी पडून वाळेपर्यंत, कितीही ओंगळ दिसली तरी, राहू द्यावीत.

दुसरे कारण पाणी. ट्यूलिप मूळचे मध्य आशियातील डोंगरउतारांवरचे, जिथे हिवाळा कडक आणि उन्हाळा कोरडा असतो. त्या कोरड्या दिवसांतच पुढच्या वर्षाची कळी कंदाच्या आत तयार होते. रोजच्या पाण्याने तो कंद कुजतो. झेंडूची जागा वेगळी ठेवणेच बरे.

तरीही बहुतेक भपकेदार संकरित जातींचा बहर वर्षागणिक उतरतोच. नेदरलँड्समधील क्युकेनहॉफ उद्यानातही दर शरदात सुमारे 70 लाख कंद नव्याने लावले जातात. टिकाऊपणा हवा असेल तर डार्विन संकरित गटातील जाती किंवा टुलिपा टार्डासारख्या ठेंगण्या रानजाती निवडाव्यात. जमीन चांगली गार झाल्यावर, ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, निचऱ्याच्या जागी 8 इंच खोल, टोक वर करून कंद लावावेत. खारी उकरतात, म्हणून वर तारेची जाळी अंथरून माती ओढावी.

यंदाची पाने वाळली की कंद काढून पाहावेत. टणक व मोठे कंद जाळीच्या पिशवीत हवेशीर, कोरड्या जागी टांगून नोव्हेंबरात पुन्हा लावावेत, आणि बारीक कंद एखाद्या कोपऱ्यात वाढू द्यावेत.