मेंदूत रक्तस्राव असताना रक्त पातळ करायचं इंजेक्शन कसं काय देतात?

बाळंतपणाला दोन आठवडे होत नाहीत तोच तुमच्या बहिणीचं डोकं दुखून फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूतल्या शिरेत गुठळी आणि थोडा रक्तस्राव दिसला, आणि तरी हेपारिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) सुरू केलंय. घरच्यांच्या पोटात गोळा येणारच. मी रेडिओलॉजीत आहे, बाळंतिणींचे असे स्कॅन पाहतो.

हा रक्तस्राव धमनी फुटून झालेला नाही, सगळी मेख तिथे आहे. मेंदूकडे मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त जातं आणि तेवढंच परत यावं लागतं. परतीच्या शिरा पातळ भिंतीच्या, झडपा नसलेल्या. त्या कवटीच्या आतल्या बाजूच्या मोठ्या वाटांमध्ये रिकाम्या होतात. या वाटांना सायनस म्हणतात (सर्दीवाला सायनस वेगळा). तिथून रक्त कानामागून मानेतल्या जुगुलर शिरेत उतरतं. वाटेत गुठळी बसली की मोरी तुंबल्यावर होतं तेच होतं, मागे तुंबारा. मेंदूला सूज येते, बारीक शिरांतून रक्त पाझरतं. म्हणजे रक्तस्राव हा तुंबण्याचा परिणाम. हेपारिन गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर करतं. 1991 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशाच गुठळीच्या 20 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. हेपारिनवाल्या दहांत कुणी दगावलं नाही, बाकीच्या दहांत तिघं गेले. आकडा लहान, पण हेपारिनवाल्यांत आधीच रक्तस्राव झालेलेही होते. पुढे 624 रुग्णांच्या पाहणीत 79 टक्के पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले.

रिपोर्टमध्ये ‘डावा ट्रान्सव्हर्स सायनस हायपोप्लास्टिक’ असं वाचून घाबरू नका. बऱ्याच धडधाकट लोकांत डावी वाट जन्मतःच अरुंद असते, मुख्य वाहतूक उजवीकडून.

हेपारिनवर अंगावर पाजता येतं, ते दुधात उतरत नाही. नंतरच्या गोळ्या बहुधा काही महिने चालतील, त्यांच्याबद्दल न्यूरोलॉजिस्टला विचारा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर आजीला नीट समजावून ती बंद करा. अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीला आयतंच निमित्त मिळतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पुढे नकोतच, तांबीचा विचार करता येईल.

आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, ते आजच विचारा. डोक्यातला दाब डोळ्याच्या नसेवर येतो. अंधूक किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरना सांगा.