नेटिव्ह ॲस्टर: बी का उगवत नाही, ठोंब कधी फोडायचा आणि बाकीचे प्रश्न

नमस्कार मंडळी. उत्तर अमेरिकेत बागकाम किंवा छोटी फुलशेती करणाऱ्या आपल्या लोकांकडून नेटिव्ह ॲस्टरबद्दल बरेच प्रश्न आलेत. तिकडच्या मूळच्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या ॲस्टरबद्दल, जे ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलतात, जांभळ्या-निळ्या पाकळ्या आणि मधे पिवळा गाभा. फिरून फिरून प्रश्न एकच, रोपं वाढवायची कशी, म्हणून सगळ्यांना इथेच एकत्र उत्तर देतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. बियाण्याच्या पाकिटावर नुसतं 'ॲस्टर' लिहिलेलं असेल तर तो बऱ्याचदा चायना ॲस्टर असतो, त्याचं शास्त्रीय नाव कॅलिस्टेफस, तो एका सीझनचा, फुलून गेला की संपला. खाली लिहिलेलं त्याला लागू नाही. आणि नेटिव्हवाले शोधताना लेबलवर 'सिम्फियोट्रायकम' दिसलं तर घाबरू नका, १९९४ मध्ये गाय नेसम या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतले बहुतेक ॲस्टर जुन्या 'ॲस्टर' गटातून काढून वेगवेगळ्या गटांत टाकले, त्यातला हा सगळ्यात मोठा. काही नर्सरीवाले अजून जुनंच नाव लिहितात, झाड तेच.

आता एका ताईंचा प्रश्न. त्यांच्याकडे न्यू इंग्लंड ॲस्टरचं (याच नेटिव्ह ॲस्टरांतली एक उंच जात) एकच मोठं झाड आहे, त्याचं बी त्यांनी घरीच गोळा केलं, एप्रिलमध्ये घरात ट्रेमध्ये पेरलं आणि एकही उगवलं नाही. ताई, तुमच्या पेरणीत मला फारशी चूक दिसत नाही, मला बियाण्याचाच संशय आहे. हे झाड स्वतःच्याच परागाने नीट बी धरत नाही, त्याला जवळपास त्याच जातीचं पण वेगळ्या बियांतून आलेलं दुसरं झाड लागतं. एकटं झाड असलं किंवा एकाच रोपापासून फोडून केलेली दहा झाडं असली तरी हिशोब तोच, कारण ती दहाही आतून एकच. फुलं भरपूर येतात, मधमाश्या येतात, शेवटी पांढरट कापूसही सुटतो, पण त्या कापसाखालचं बी पोचट. बघायला सोपं आहे. सुकलेलं बोंड तळहातावर चोळा, कापूस फुंकून टाका, खाली जे बारीक तपकिरी दाणे राहतील ते नखाने दाबून बघा. भरलेला दाणा जरा फुगीर, टणक लागतो, पोचट दाणा कागदासारखा चपटा होऊन दुमडतो. पन्नास दाण्यांत चार-पाचच भरलेले निघाले तर ट्रे भरायची मेहनत घेऊ नका. पुढच्या वर्षीसाठी दुसऱ्या ठिकाणाहून आलेलं, बियांपासून केलेलं एक रोप शेजारी लावा, फरक पडेल.

बी कधी काढायचं हेही काही जणांनी विचारलंय. फूल सुकल्यावर साधारण ३-४ आठवड्यांनी बोंड तपकिरी होतं आणि कापूस मोकळा व्हायला लागतो, तेव्हा कोरड्या दिवशी दुपारी बोंडं कापून कागदी पिशवीत टाका. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट होऊन बुरशी येते. हिरवट बोंड काढून घरात पिकवायचा प्रयत्न करू नका. रानातून बी घेत असाल तर जागामालकाला विचारून आणि थोडंच घ्या. झाडं मात्र उपटून आणू नका, हे मी स्पष्टच सांगतो, एक तर बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीर असतं आणि फुलावर असलेलं उपटलेलं झाड तसंही क्वचितच जगतं.

दुसरी गोष्ट थंडीची. हे बी शरद ऋतूत जमिनीवर पडतं, अख्खा हिवाळा ओल्या थंड मातीत काढतं आणि मग वसंतात उगवतं. थेट पाकिटातून काढून गरम घरात पेरलं तर थोडं उगवतंही पण मागेपुढे, विस्कळीत. म्हणून त्याला ओली थंडी द्यायची. ओलसर वाळू किंवा व्हर्मिक्युलाईट (ओल धरणारे हलके खनिजाचे दाणे) घ्या, मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये इतकंच ओलं, त्यात बी मिसळून झिपच्या पिशवीत भरा, नाव-तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात, साधारण ४ अंश सेल्सिअसला, ४ ते ८ आठवडे. दर आठवड्याला डोकावून बघा, मोड दिसले की लगेच पेरा.

मला स्वतःला मात्र फ्रिजपेक्षा बाहेरची पद्धत जास्त आवडते कारण त्यात लक्ष ठेवायला लागत नाही. दुधाचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा कॅन आडवा कापायचा पण एका बाजूने जोडलेला ठेवायचा, तळाला भोकं पाडायची, ३-४ इंच माती भरायची, वर बी टाकून टेपने बंद करायचं, झाकण काढून टाकायचं आणि जानेवारीत बाहेर बर्फात ठेवून द्यायचं. बर्फ पडतो, वितळतो, झाकणाच्या भोकातून आत जातो, आणि एप्रिल-मेमध्ये रोपं आपोआप वर येतात, शिवाय ती बाहेरच्या हवेला सरावलेली असतात. उन्हाचे दिवस सुरू झाले की मात्र कॅन उघडा, नाहीतर आत रोपं शिजतात.

पेरताना बी खोल गाडू नका. याला उजेड लागतो, वर टाकून हाताने हलकं दाबा, फार तर बारीक वाळूची नावाला चिमूट भुरभुरवा. झारीने जोरात पाणी घातलं तर बी एका कोपऱ्यात जमा होतं, त्यामुळे ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवा. १८ ते २२ अंशाला दोन-तीन आठवड्यांत उगवतं. खऱ्या पानांच्या (उगवताना येणारी पहिली दोन पानं सोडून) दोन जोड्या आल्या की वेगळ्या कुंडीत घ्या. फुलं बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी, त्यामुळे पहिल्या ऑक्टोबरमध्ये नुसती पानं बघून नाराज व्हायचं नाही.

आता ज्यांच्याकडे नाव असलेली व्हरायटी आहे, 'पर्पल डोम', 'अल्मा पॉचके', 'ऑक्टोबर स्कायज' वगैरे, त्यांनी बियांच्या नादाला लागूच नये. बियांपासून येणारं रोप आईसारखं येईल याची गॅरंटी नाही, 'पर्पल डोम'ची बुटकी ठेवण हवी असेल तर ठोंब फोडा (झाडाचे मुळांसकट तुकडे करा) किंवा छाट कलम करा (फांदीचा शेंडा रुजवा).

एका दादांनी विचारलंय की झाड पाच वर्षांचं झालंय, मधे टक्कल पडलंय आणि कडेनेच फुटवे येतात, रोग आहे का? रोग नाही दादा, म्हातारपण आहे. ॲस्टर बाहेरच्या बाजूने पसरतो आणि मधला भाग लाकडासारखा होऊन मरतो, म्हणून दर २-३ वर्षांनी ठोंब फोडायलाच हवा. वेळ वसंतातली, फुटवे २-३ इंच वर आले की, आणि जमीन वापशावर असताना, चिखलात नाही. कडेने फावडं मारून मुळांचा सगळा जारवा उचला, माती झटका, मग धारदार फावड्याने किंवा जुन्या सुरीने तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला ३ ते ५ फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. मधला वाळका भाग फेकून द्या, त्याचा मोह नको. तुकडे पूर्वीच्याच खोलीवर लावा, दीड-दोन फुटांवर, आणि उंच जातींना तीन फूट द्या. पहिले काही आठवडे ओल तुटू देऊ नका. शरदात फोडलं तर चालतं का? फुलणारं झाड त्याच वेळी फोडू नका, आणि कडक थंडीच्या भागात शरदात लावलेला तुकडा मुळं धरायच्या आत जमीन गोठते आणि तो वर उचलला जातो. मी तरी वसंतच सांगेन.

छाट कलम त्यांच्यासाठी, ज्यांना एका झाडापासून भराभर वीस-तीस रोपं करायचीत. मे-जूनमध्ये कोवळे शेंडे ३-४ इंचाचे घ्या, कळी धरायच्या आधी, खालची पानं काढा, रूटिंग पावडर असली तर लावा नसली तरी अडत नाही, पर्लाईट (पांढरे हलके खनिजाचे दाणे) आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचा, वर पारदर्शक झाकण, थेट ऊन नको. ३-४ आठवड्यांत मुळं. हळूच ओढून बघा, अडकलं की झालं.

आणि हेच शेंडे तुम्ही खुडणी करतानाही मिळवता! कारण पुढचा प्रश्न तोच आहे, झाड पाच फूट होतं आणि फुलांच्या ऐन टायमाला आडवं पडतं. मेअखेर ते जूनमध्ये सगळे फुटवे तिसऱ्या हिश्श्याने किंवा निम्मे छाटा, फांद्या फुटतील, झाड बुटकं आणि दाट होईल. जुलै अर्ध्यावर गेला की कात्री ठेवून द्या, त्यानंतर छाटलं तर कळ्याच जातात. आडवं पडायचं अजून एक कारण खत. नेटिव्ह ॲस्टरला नत्र घालून लाड केले की नुसती लुसलुशीत वाढ होते, वसंतात थोडं कंपोस्ट टाकलं की पुष्कळ. एकाचं झाड दिव्याच्या खांबाशेजारी आहे आणि ते उशिरा फुलतं, तर दिवस लहान व्हायला लागले की हे झाड कळी धरतं, रात्रभर दिवा पडत असेल तर त्याला दिवस लहान झाल्याचं कळणार कसं. झाड हलवा नाहीतर दिवा.

सावलीत काय लावायचं असं विचारणाऱ्यांनी न्यू इंग्लंडचा हट्ट सोडावा, त्याला सहा तास ऊन लागतं. झाडाखाली व्हाईट वूड ॲस्टर किंवा ब्लू वूड ॲस्टर लावा. कोरड्या, उन्हाच्या, मुरमाड जागेला ॲरोमॅटिक ॲस्टर, माझ्या मते सगळ्यात कमी कटकटीचा, पाण्याचा ताण सोसतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. न्यूयॉर्क ॲस्टर दिसायला छान पण भुरी त्यालाच जास्त.

भुरी म्हणजे पानांवर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर. दाटी कमी करा, पाणी बुडाशी द्या, जमीन एकदम कोरडी पडू देऊ नका. फुलं आल्यावर खालच्या पानांवर थोडी भुरी दिसली तर सोडून द्या, झाड मरत नाही. दरवर्षी फार त्रास असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट सुरुवातीलाच फवारा, थर चढल्यावर उपयोग कमी. पानाखाली नारिंगी पुटकुळ्या म्हणजे तांबेरा, तो पाइनच्या झाडावर आणि ॲस्टरवर आलटून पालटून राहतो, खराब पानं काढून टाका. खरी भीती एकाच गोष्टीची, फुलं हिरवी आणि वेडीवाकडी यायला लागली, शेंड्याला बारीक फुटव्यांचा झाडू झाला तर तो ॲस्टर यलोज नावाचा रोग. तुडतुडे पसरवतात, औषध नाही, झाड मुळासकट उपटून कचऱ्यात टाका आणि त्याचा ठोंब चुकूनही फोडून वाटू नका.

पानं कुरतडणाऱ्या बारक्या काटेरी अळ्या दिसल्या म्हणून लगेच फवारणी विचारू नका. पर्ल क्रेसेंट फुलपाखराच्या अळ्या ॲस्टरवरच वाढतात, झाड ते सहन करतं. सप्टेंबरमध्ये दक्षिणेला निघालेली मोनार्क फुलपाखरं याच फुलांवर मध भरून घेतात, त्यामुळे कीटकनाशक नको, विशेषतः मुळातून चढणारं.

शेवटचा प्रश्न हिवाळ्याआधी कापायचं का. नका कापू. वाळकी खोडं तशीच राहू द्या, पक्षी बी खातात. वसंतात ८ ते १८ इंच खुंट ठेवून वरचं कापा, त्या खुंटांत काही एकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. ससे मात्र कोवळे फुटवे साफ करतात, त्यामुळे नव्या रोपांना पहिले वर्ष-दोन वर्षं जाळी लावाच.