आज मला वचन मिळालं नाही

"मॅडम, मी रोज पहाटे बायबल उघडते, पण प्रभू माझ्याशी बोलतच नाही." मराठी ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बायका पहिल्या भेटीतच सांगतात, पुरुष तिसऱ्या भेटीत.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. अहिल्यानगरकडची एक स्टाफ नर्स. आखातातून नोकरी चालून आलेली, घरी शाळकरी मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ म्हणजे आजचं वचन, देवाचा आपल्यासाठीचा संदेश, असा तिचा नेम. सोमवारी योना संदेष्ट्याचं पुस्तक निघालं: ऊठ, निनवे शहराला जा. मंगळवारी स्तोत्र २७: परमेश्वराची वाट पाहा.

"आणि बुधवारी?"

"वंशावळ निघाली." दोघीही हसलो.

मग मी विचारलं, "समजा 'जा' असंच निघालं, तुम्ही गेलात आणि मागे काही बरंवाईट झालं तर?"

बराच वेळ ती गप्प. "तर म्हणता येईल ना, मी माझ्या मनानं नाही गेले."

एवढं एक वाक्य बाहेर यायला कित्येक भेटी गेल्या होत्या. अशा माणसांचा विश्वास कमी पडत नाही, त्यांना दोषाची धास्ती असते. हे आता मला लवकर ऐकू येतं; चर्चचे पाळकसाहेबही अशांना माझ्याकडे पाठवतात.

तिच्या मोबाइलवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हे वचन होतं, देवाच्या हिताच्या संकल्पांचं. मी म्हटलं, अध्याय सुरुवातीपासून वाचा, मोठ्यानं. तो अध्याय म्हणजे बाबेलात धरून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं पत्र. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनाशी, सत्तर वर्षांनी परत आणीन, तिथं ती अडखळली. "सत्तर वर्षं? हे कधी कुणी सांगितलंच नाही." आणि थोड्या वेळानं स्वतःच, "म्हणजे खूण शोधत बसायचं नव्हतं. तोवर संसार करायचा होता."

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. बोट ठेवणं सोडा. एखादं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, सलग घ्या. मार्काचे सोळाच अध्याय आहेत, रोज एक प्रसंग पुरे. हे कोणाला, कोणत्या अडचणीत सांगितलं ते बघा, आणि आज त्यातलं माझ्या हातून काय होईल, एवढंच मागा. स्तोत्र ११९ मध्ये देवाच्या वचनाला पावलांसाठीचा दिवा म्हटलंय; तो पावलांपुरताच आहे. पगार, कर्ज, सासूबाईंची देखभाल यांचा हिशेब नवऱ्याबरोबर कागदावर मांडा, तीही प्रार्थनाच. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नका, असं संत इग्नेशियस सोळाव्या शतकात सांगून गेले; माझा त्यावर फार भरवसा आहे.

झोप, भूकच गेली असेल तर आधी डॉक्टर. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. देवाची मंद वाणी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर.

त्या नर्सनं शेवटी काय ठरवलं, असं लोक हमखास विचारतात. ते मी सांगत नाही. नाहीतर तेच कुणीतरी वचन म्हणून धरून बसायचं.