मुक्काम आधी ठरवा, अंतर नंतर

प्रश्न : आम्ही इंदूरच्या लोकमान्यनगर परिसरातील सहा जण आहोत. वय 46 ते 63. गेली चार वर्षे दर रविवारी चालायला जातो आणि पावसाळ्यात इंदूरजवळची जानापाव टेकडी व पातालपानीच्या धबधब्याचा परिसर आमचा ठरलेला असतो. यंदा दसऱ्याच्या सुट्टीत हिमाचलमधील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात, तीर्थन नदीच्या खोऱ्यातून चार दिवसांची पायी भटकंती करण्याचे मनात आहे. पहिल्या दिवशी गुशैणीहून रोला, दुसऱ्या दिवशी शिल्ट, तिसऱ्या दिवशी रखुंडीचा माथा गाठून थेट रोल्यापर्यंत उतरायचे आणि चौथ्या दिवशी गुशैणी, असा बेत आहे. तो योग्य आहे का? परवाना लागतो का? वाटाड्या न घेता मोबाइलवरील नकाशाच्या आधारे जाता येईल का?

उत्तर : आपण हा बेत अंतरावरून आखलेला दिसतो. जानापावसाठी ते चालते, कारण संध्याकाळी घरी येऊन गरम पाण्याने पाय शेकता येतात. हिमालयातील जंगलात मात्र आधी मुक्काम कोठे आणि किती उंचीवर हे ठरवावे लागते, आणि दिवसाची चाल त्यातून आपोआप ठरते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे. गुशैणी सुमारे 1,500, रोला सुमारे 2,100, शिल्ट सुमारे 3,100 आणि रखुंडीचा माथा 3,600 मीटरच्या थोडा वर. आपल्या बेताप्रमाणे दुसऱ्या रात्रीची झोप पहिल्या रात्रीपेक्षा तब्बल हजार मीटर उंच होते आणि तिसऱ्या दिवशी पाचशे मीटर चढून दीड हजार मीटर उतरायचे असते. साठीच्या गुडघ्यांना ही उतरण चढणीपेक्षा जास्त जाचते, आणि दमलेल्या माणसाचा पाय उतारावरच घसरतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की हातात चारच दिवस असतील तर या खेपेला शिल्ट आणि रखुंडी सोडून द्यावे. पहिली रात्र गुशैणीला, पुढच्या दोन रात्री रोल्याला, आणि मधल्या दिवशी पाठीवर फक्त पाणी व पावसाळी जाकीट घेऊन शिल्टच्या वाटेवर जमेल तितके चढून पुन्हा रोल्याला यावे. सात दिवस काढता आले तर रोल्याच्या दोन रात्रींनंतर शिल्टला दोन रात्री राहावे, मधल्या दिवशी रखुंडीकडे निघावे, आणि माथा दिसत असला तरी दुपारी बारा वाजता जेथे असाल तेथून मागे फिरावे. सातवा दिवस मोकळा ठेवावा. पाऊस लागला, पूल वाहून गेला, कोणाचा पाय मुरगळला, तर हाच दिवस कामी येतो. परतीच्या गाडीचे आरक्षण डोळ्यांसमोर ठेवून ओढा ओलांडण्याचा निर्णय कोणी घेऊ नये.

परवाना अनिवार्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याच्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, कलम 28 मध्ये अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कोणत्या कारणांसाठी परवाना देता येतो ते सांगितले आहे, आणि कलम 35 मुळे हेच नियम राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात. तीर्थन खोऱ्यासाठी उद्यानाचे केंद्र बंजार ते गुशैणी रस्त्यावर साई रोपा येथे आहे. प्रत्येकाचे ओळखपत्र, छायाचित्र आणि मुक्कामांची यादी घेऊन स्वतः जावे. एकदा आमच्या गटाचे परवाने काढण्याचे काम एका मध्यस्थाकडे सोपवले होते. प्रवेशद्वारावरच्या यादीत सहापैकी चारच नावे निघाली, उरलेल्या दोघांसाठी अर्धा दिवस गेला आणि त्या घाईत आम्ही रोल्याला अंधारात पोहोचलो. तेव्हापासून परवान्यावरचे प्रत्येक नाव तेथेच उभे राहून मोठ्याने वाचून घेतो.

वाटाड्याविना जाऊ नये. गुशैणीच्या पुढे मोबाइलचा भरवसा धरता येत नाही, आणि नकाशावरची रेघ मागच्या पावसाळ्यात कोसळलेला कडा दाखवत नाही. जुलै 2023 मधील पुरात कुल्लू जिल्ह्यातील रस्ते आणि पूल यांची काय अवस्था झाली ते आपण पाहिले असेलच. अशा पावसानंतर कोणती वाट शिल्लक आहे हे तेथे रोज चालणाऱ्यालाच ठाऊक असते. याला दुसरी बाजूही आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. हे उद्यान 1999 मध्ये अंतिमतः अधिसूचित झाले तेव्हा आसपासच्या गावांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे चराईचे आणि जडीबुटी गोळा करण्याचे व्यवहार आतल्या जंगलात थांबले. 2014 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 754 चौरस किलोमीटरचे जे जंगल आपण पाहायला जाणार आहोत, त्याच्या रक्षणाची किंमत या घरांनी मोजली आहे, आणि आज वाटाडे, स्वयंपाकी व पोर्टर म्हणून काम करणारे अनेक जण याच गावांतले आहेत. त्यांची मजुरी हा आपल्या खर्चाचा पहिला आकडा असावा आणि तेथे घासाघीस करू नये.

दसऱ्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. खोऱ्याखोऱ्यांतून गावोगावच्या देवतांच्या पालख्या कुल्लूला येतात आणि त्यांच्याबरोबर गावकरीही निघतात. त्या आठवड्यात वाटाडे मिळतील का आणि बसगाड्यांना किती गर्दी असेल हे आधी विचारून घ्यावे. शक्य असल्यास कोजागरीनंतर निघणे बरे. ऑक्टोबरमध्ये हवा सहसा स्वच्छ असते. रात्री मात्र शिल्टला चांगलीच थंडी पडते. जाताना मालवा एक्सप्रेसने अंबाल्याला उतरावे, तेथून चंदीगढमार्गे मनालीच्या बसने औटपर्यंत जावे आणि औटच्या बोगद्याअलीकडे उतरून बंजारचा रस्ता धरावा.

प्रश्न : आमच्यातील 63 वर्षांच्या काकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून सर्वांनी आधीच औषध घ्यावे का? त्रास होतो आहे हे ओळखायचे कसे?

उत्तर : काकांच्या बाबतीत त्यांचे नेहमीचे डॉक्टर सांगतील ते अंतिम. निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी त्यांना मुक्कामांच्या उंचीचे आकडे लिहून दाखवावेत, केवळ ‘हिमाचलला चाललो’ एवढे सांगून भागत नाही. उंचीसाठी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळीही डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर ती बाब आवर्जून सांगावी. गोळी घेतली म्हणून चढण्याचा वेग वाढवता येत नाही.

विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि तो तरुणांनाही होतो. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. डोके दुखणे आणि त्याच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा, अशी लक्षणे दिसली की आणखी वर जायचे नाही. लक्षणे वाढत असतील तर खाली उतरायचे. बसल्या जागी धाप लागणे, खोकला न थांबणे, बोलण्यात गोंधळ होणे, किंवा एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालता न येणे ही धोक्याची खूण आहे. तेव्हा सकाळची वाट न पाहता, माणसाला एकटे न सोडता, लगेच उतरावे.

अडचण अशी, की आपली माणसे सांगत नाहीत. शिल्टच्या मुक्कामात आमच्या एका सोबत्याने दिवसभर डोकेदुखी लपवली, कारण आपल्यामुळे सर्वांना परतावे लागेल याची त्यांना भीती होती. संध्याकाळी मुगाची खिचडी वाढली, वर तूप सोडले, आणि एरवी दोनदा मागून घेणाऱ्या या गृहस्थांनी थाळी हलकेच बाजूला सरकवली. मग बुटाची नाडी बांधताना त्यांची बोटे दोनदा चुकली, ते वाटाड्याने पाहिले आणि एक शब्द न बोलता त्यांची सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली. आम्ही टॉर्चच्या उजेडात सावकाश उतरलो. रोल्याला पोहोचेपर्यंत त्यांना भूक लागली होती. आता रोज संध्याकाळी आम्ही गोल बसतो आणि प्रत्येक जण डोके, पोट, झोप या तिन्हींबद्दल सर्वांसमोर सांगतो. आपल्या गटाने ही पद्धत इंदुरातच, जानापावला जाताना सुरू करावी, म्हणजे तिकडे संकोच वाटणार नाही.

सराव उतरण्याचाही करा. पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन जानापाव एका सकाळी तीनदा चढा-उतरा, आणि लागोपाठ दोन रविवारी नव्हे, तर शनिवारी व रविवारी दोन्ही दिवस. दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो तेच पाहायचे आहे.

प्रश्न : शिधा घरून न्यावा की तेथे घ्यावा? छोटा गॅस आणि शेकोटी यांबद्दल नियम काय आहेत?

उत्तर : कोरडा शिधा घरून न्यावा, तेल, कांदे-बटाटे आणि तांदूळ बंजारला घ्यावेत. माणशी दिवसाला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोरडा शिधा धरावा आणि तो स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर खरोखर तोलून पाहावा. थालीपीठाची भाजणी, सातूचे पीठ, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू हे आपल्याकडचे पदार्थ या कामी उत्तम आहेत. इंदूरची शेव हलकी असली तरी जागा फार खाते आणि तहान वाढवते, म्हणून एकच पुडा. प्लॅस्टिकची सगळी वेष्टने घरीच काढून जिन्नस कापडी पिशव्यांत भरावेत, कारण आत नेलेला प्रत्येक कागद परत आणायचा आहे.

गॅसची डबी किंवा रॉकेल रेल्वेतून नेता येत नाही. ज्वालाग्राही वस्तू नेणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. शेगडी आणि इंधनाची सोय वाटाड्याशी बोलून तिकडेच करावी. जंगलातील लाकडावर शेकोटी करू नये. भोजपत्र आणि खरसू ओक ही उंचावरची झाडे अतिशय सावकाश वाढतात, आणि वाळलेला ओंडकाही कीटक व पक्ष्यांचे घर असतो. उबेसाठी लोकरीची टोपी आणि कोरडे मोजे न्यावेत. सुती बनियन घामाने भिजले की थंडीत अंग गारठते, म्हणून आतला थर लोकरीचा किंवा लवकर वाळणारा असावा. पाणी खळखळून उकळावे, आणि 2,000 मीटरच्या वर ते तीन मिनिटे उकळू द्यावे. शौचासाठी पाण्यापासून साठ-सत्तर पावले दूर जाऊन वीतभर खोल खड्डा करावा व मातीने बुजवावा. अन्न तंबूत ठेवू नये, कारण या जंगलात काळे अस्वल आहे. पहाटे मात्र दहा मिनिटे सर्वांनी गप्प बसावे. मोनाल पक्षी दिसण्याची शक्यता बरीच असते. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा फार लाजरा आहे, त्याच्यासाठी वाट सोडून झुडपांत शिरू नये.

प्रश्न : माझी आजी अमरावतीहून येऊन पचमढीच्या नागद्वारीची यात्रा पायी करत असे. मग इतक्या दूर हिमाचलला जाण्याऐवजी आपल्या जवळच्या सातपुड्याच्या जंगलातच तंबू घेऊन तीन-चार दिवस चालता येणार नाही का? (स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : नागद्वारीची वाट नागपंचमीच्या सुमारास यात्रेच्या मोजक्या दिवसांपुरती खुली होते. विदर्भातील हजारो भाविकांच्या श्रद्धेसाठी ठेवलेला तो अपवाद आहे, आणि इतर दिवशी त्या वाटेने आत जाता येत नाही. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी फिरून तेथेच तंबू ठोकण्याची कल्पना सोडून द्यावी. वाघांसाठी ते क्षेत्र निर्धोक राहावे हाच कायद्याचा हेतू आहे. पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंदच असते.

तरीही सातपुड्याला जाच, कारण परवानगी घेऊन, उद्यानाच्या मार्गदर्शकासोबत काही तास पायी फिरता येते असे व्याघ्र प्रकल्प देशात फार थोडे आहेत. मुक्काम बाहेर ठेवून तीन दिवस रोज सकाळी एकेक फेरी केलीत तर चालणेही भरपूर होईल. जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने पिपरियाला उतरून पचमढी गाठता येते, पण पहिल्या खेपेस मी सोहागपूरजवळची मढई सुचवेन. तेथे देनवा नदी होडीने ओलांडून उद्यानात जातात, आणि हिवाळ्यात पहाटे पाण्यावर धुके असताना पलीकडचा काठ दिसतही नाही. स्वेटरवर आणखी एक जाकीट घ्या आणि आजींच्या यात्रेच्या आठवणी कोणाकडे असतील तर त्या आम्हाला जरूर लिहून पाठवा.